आर्डिसनं लाटणं दिलं तो शनिवार

आर्डिस क्वामला तुम्ही "कशी आहेस?" विचारलंत तर उत्तर एकच मिळतं: "ठीकच म्हणायचं." मूल जन्मलं तरी ठीकच, वादळात गोठ्याचं छप्पर उडालं तरी ठीकच. आमच्या नॉर्डबीत सगळेच तसे, म्हणा. मिनेसोटाच्या या कोपऱ्यात तक्रार करणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं समजतात. पण आमच्यातही आर्डिस म्हणजे कहर.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. तिचा नवरा ऑर्व्हिल धान्य वर चढवायच्या यंत्राशी खुडबुड करत होता आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. आर्डिसनं हात टॉवेलात गुंडाळला, बोटं बर्फाच्या डब्यात घातली, आणि दवाखान्याला निघण्याआधी चर्चमध्ये फोन केला. फोन मीच घेतला. म्हणाली, "डोरेन, ऑर्व्हिलला आज गाण्याच्या सरावाला जमेलसं दिसत नाही. जरा अडकलाय."

अडकलाय! मी आपली म्हटलं, "हरकत नाही, पुढच्या बुधवारी ये म्हणावं." आणि पुढच्या बुधवारी तो आला की! आठ बोटांनी गाण्याचं पुस्तक धरून उभा. मी तर जागच्या जागी थिजले.

एकतीस वर्षं तिनं शाळेची पिवळी बस चालवली. एकदा बर्फाच्या वादळात बस रस्त्याकडेला रुतली, आत चौदा पोरं. चार तास आर्डिसनं त्यांना मधल्या वाटेत परेड करायला लावली, एकालाही डोळा मिटू दिला नाही, स्वतःचा कोट सगळ्यात धाकट्या पोरीला गुंडाळला. रस्ता मोकळा झाल्यावर एकेका पोराला दारात सोडत आयांना काय म्हणाली? "थोडा उशीर झाला हं." बस्स. त्या चौदातली सहा जणं आज आपापली पोरं घेऊन चर्चला येतात आणि तिला बघून अजून पाठ ताठ करतात. अशी ती बाई.

आणि तिचं लाटणं! ते राहिलंच. नोव्हेंबरात आमच्या चर्चचं मोठं जेवण असतं, मासे आणि लेफ्सेचं; लेफ्से म्हणजे नॉर्वेची बटाट्याची पातळ पोळी. त्या लेफ्से ऑक्टोबरातल्या एका शनिवारी तळघरातल्या स्वयंपाकघरात होतात. उकडलेला बटाटा, लोणी, साय, जेमतेम धरून ठेवील एवढं पीठ, आणि लाटायची अशी की खालच्या कापडावरची रेघ वरून दिसावी. अकरा जणी असतो. लव्हॉन बटाटे उकडते, कोणी गोळे करतं, कोणी तव्यावर लांब काठीनं उलटतं, कोणी घड्या घालून विकायची पाकिटं बांधतं. लाटायचं काम मात्र आर्डिसचं. तिच्या आजीनं नॉर्वेहून आणलेलं खाचांचं लाटणं पिठाच्या पिशवीत गुंडाळून ती घरून आणायची आणि तशीच परत न्यायची. अडतीस वर्षांत तिनं ते कुणाच्या हातात दिलं नव्हतं. पाकिटाच्या चिठ्ठीवर तारीख आणि लाटणारणीचं नाव लिहायची आमची पद्धत, पण नाव एकच असायचं. लोक आधी चिठ्ठी वाचायचे, मग पाकीट उचलायचे.

मी तव्यावर. अठ्ठावीस वर्षं तव्यावर. माझ्या मनात काय असेल ते तुम्हीच ओळखा.

तर त्या वर्षी, लेफ्सेच्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी, दुपारी चारला चर्चच्या तळघरात फ्लूच्या लशी टोचायला शहरातून एक नर्स आली होती. पोरगीच होती. आर्डिस रांगेत माझ्या पुढे. नर्सनं विचारलं, "कोणत्या हाताला देऊ?" तर ही म्हणते, "तुम्हाला सोयीचा पडेल तो." आता दुसरं कोणी म्हणेल, डाव्या हाताला दे बाई, उजव्यानं मला काम आहे. पण नाही. खुर्ची भिंतीला डाव्या बाजूनं टेकलेली, म्हणून उजवा. अंगात जाड लोकरी स्वेटर. पाळकांच्या देखत तो काढायचा कसा? आणि मागे रांग ताटकळतेय. मग बाईसाहेबांनी गळाच खाली ओढून खांदा पुढे केला. नर्स उभी, ही बसलेली. सुई दंडात जायच्या ऐवजी पार वर, खांद्याच्या सांध्यापाशी गेली. मी बघितलं. मला वाटलं, हल्ली तिथे देत असतील. आर्डिसच्या पापण्या एकदा फडफडल्या. मग ती उठली आणि नर्सला म्हणाली, "हात हलका आहे हं तुझा."

शनिवारी सकाळी आठला आम्ही जमलो. आर्डिस आली, पिशवी सोडली, लाटणं ओट्यावर ठेवलं. दोन लेफ्से लाटल्या. तिसरा गोळा समोर आला, तशी ती थांबली. ओटा सोडून माझ्यापाशी आली आणि लाटणं डाव्या हातानं माझ्यापुढे धरलं.

"डोरेन, आज तू लाट. तू शिकायला हवं."

काय सांगू तुम्हाला! माझ्या लग्नात मी एवढी लाजले नव्हते. अकरा जणींतून मी! आपल्या माणसाची पारख असावी तर अशी, म्हटलं. दिवसभर लाटलं. काही फाटल्या, काही जाड झाल्या, एकीचा आकार तर थेट विस्कॉन्सिनच्या नकाशाचा. जेवणाच्या दिवशी लोकांनी खाल्ल्या, मान डोलावली आणि म्हणाले, "यंदा वेगळ्या आहेत हं." आमच्याकडे यापेक्षा वाईट शब्द नाही. पण मला त्याचं काय! चिठ्ठ्यांवर आर्डिसच्या अक्षरात नाव होतं: लाटणी, डोरेन. त्यातलं एक पाकीट मी विकायला ठेवलंच नाही. घरी नेऊन फ्रीझरच्या तळाशी ठेवलं. आठवण म्हणून. हसा खुशाल.

पुढे जानेवारीत आर्डिसनं बस सोडली. "तरुणांना संधी मिळू दे," म्हणाली. आम्ही केक कापला. बसचं दार उजव्या हातानं दांडा ओढून उघडावं लागतं, हे त्या वेळी आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही. एप्रिलमध्ये ऑर्व्हिलनं तिला आरशासमोर पाहिलं. हात डोक्याकडे जात नव्हता, म्हणून ती डोकं खाली हाताकडे नेऊन केस विंचरत होती. ऑर्व्हिल दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस. त्यानं टोपी घातली, गाडी काढली आणि म्हणाला, "गाडीत बस."

तिथून पुढे तपासण्या, शस्त्रक्रिया, वर्षभराचे व्यायाम. दुखणं येतं हत्तीच्या पावलांनी आणि जातं मुंगीच्या, आणि हे तर पुरतं गेलंच नाही. हात खांद्याच्या उंचीपर्यंत येतो, तिथे अडतो. हाडांच्या डॉक्टरांनीच सांगितलं, की सुई चुकीच्या जागी गेली की असं होतं, आणि यासाठी सरकारकडे नुकसानभरपाई मागता येते.

आर्डिस म्हणाली, "मी कुणावर खटला करणार नाही. त्या पोरीची नोकरी जायची."

मग वकीलबाई आल्या. म्हणजे लॅपटॉपच्या पडद्यावर आल्या. मिस डेलगाडो, मूळच्या टेक्ससच्या, तिशीच्या, मोठ्यानं बोलणाऱ्या, मोठ्यानं हसणाऱ्या. त्यांनी समजावलं, "मिसेस क्वाम, हा दावा नर्सवर नसतो. तिला कोणी हाकही मारणार नाही. प्रत्येक लशीमागे थोडी रक्कम सरकारी निधीत पडते. ज्या थोड्यांना इजा होते, त्यांच्यासाठीच तो निधी. लस चांगलीच आहे. तुम्हाला ती चुकीच्या जागी दिली गेली, एवढंच."

"लस मी दर वर्षी घेते," आर्डिस म्हणाली. "यंदाही घेतली. डाव्या हाताला."

तेव्हा कुठे तिनं सही केली. तीन वर्षांच्या आत दावा करायचा असतो. आम्ही दोन महिने राखून केला. आणि मग सरकारी वकिलांचं उत्तर आलं.

त्या दिवशी मी लिंबाच्या वड्या घेऊन क्वामांकडे गेले होते. आर्डिस स्वयंपाकघरात बसली होती, समोर कागद, कॉफी गार झालेली. आर्डिसची कॉफी गार! मी कागद ओढूनच घेतला. लिहिलं होतं, की खांद्याचं दुखणं लस घेतल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत सुरू झालं असलं पाहिजे, आणि तसा पुरावा नाही. उलट डिसेंबरात रक्तदाब तपासायला गेल्या तेव्हा डॉक्टरांनी नोंदवलंय: 'तक्रार काही नाही.' एप्रिलमध्ये: 'दुखणं कधीपासून? झाले थोडे दिवस. तीव्रता, दहापैकी दोन.' सबब अर्जदाराचं म्हणणं त्यांच्याच कागदपत्रांशी जुळत नाही.

"म्हणजे मी खोटं बोलतेय," आर्डिस म्हणाली.

"तसं नाही गं लिहिलेलं."

"तसंच लिहिलंय, डोरेन. चांगल्या शब्दांत लिहिलंय." तिनं कागदाच्या कडा सारख्या केल्या. "पैसे नाही मिळाले तर नाही मिळाले. पण सदुसष्ट वर्षांत मला कुणी खोटारडी म्हटलं नव्हतं."

मी तिला चाळीस वर्षं ओळखते. तिच्या हनुवटीला असा कंप सुटलेला मी आईच्या दफनालाही पाहिला नव्हता. मला असा संताप आला! सरकारचा आला, आणि खरं सांगते, तिचाही आला. "अगं, तू डॉक्टरकडे गेलीस आणि 'तक्रार काही नाही' म्हणालीस? ताकाला जाऊन भांडं लपवलंस?"

"त्यांनी विचारलं, कशा आहात. मी म्हटलं, ठीकच म्हणायचं. तेवढ्यात त्यांना दुसऱ्या खोलीत बोलावलं. त्यांना घाई होती गं."

तेवढ्यात मिस डेलगाडोंचा फोन आला. लॅपटॉप उघडला. त्या थेट मुद्द्यावर आल्या.

"मिसेस क्वाम, मला स्पष्ट सांगा. दुखणं एक ते दहामध्ये किती?"

"दोन."

"दहा म्हणजे तुम्ही काय धरता?"

आर्डिसनं विचार केला. "दहा म्हणजे माणूस गेला."

"आणि नऊ?"

"जायच्या बेतात."

मिस डेलगाडोंनी कपाळाला हात लावला. "तुमच्या मिस्टरांची बोटं गेली, ते किती?"

बाहेरच्या खोलीतून ऑर्व्हिल म्हणाला, "तीन." मग जरा थांबून, "दुसऱ्या बोटाला साडेतीन."

"अरे देवा!" वकीलबाई म्हणाल्या. "हे बघा, तीन वर्षांनी आठवून लिहिलेल्या जबान्यांना न्यायाधीश फारसं वजन देत नाहीत. मला त्याच वेळचं काहीतरी लेखी हवंय. गुरुवारी लस घेतली. शुक्रवारी काय केलंत? शनिवारी?"

"विशेष काही नाही," आर्डिस म्हणाली. "शनिवारी लेफ्से होत्या."

आणि मला काय अवदसा आठवली! वकीलबाईंना आपलं कौतुक कळावं म्हणून मी मध्येच तोंड घातलं. "त्याच शनिवारी तिनं मला लाटणं दिलं! अडतीस वर्षांत पहिल्यांदा. मला म्हणाली, तू शिकायला हवं. विचारा कुणालाही."

मिस डेलगाडो लिहायच्या थांबल्या. "अडतीस वर्षांत पहिल्यांदा," त्या सावकाश म्हणाल्या. "लशीनंतर... चाळीस तासांनी?"

मी आर्डिसकडे पाहिलं. आर्डिस कॉफीकडे पाहत होती. डाव्या हातानं पुढे केलेलं ते लाटणं माझ्या डोळ्यांसमोर आलं. डाव्या हातानं! तीन वर्षं मी ते दृश्य मनात हजारदा पाहिलं होतं आणि त्यातला हात कधी पाहिला नव्हता. मला कुणी निवडलं नव्हतं. तिला लाटता येत नव्हतं, एवढंच होतं ते.

वाईट वाटलं का? वाटलं की. खोटं कशाला बोलू? हातातली वडी बशीत परत ठेवली. पण मग त्या कागदावरचं 'जुळत नाही' पुन्हा डोळ्यांपुढे आलं, आणि मी उठले.

"माझ्याकडे लेखी आहे," मी म्हटलं.

घरी जाऊन फ्रीझर उपसला. मटार, हरणाचं मांस, मांस-बटाट्याच्या दोन भाजलेल्या हॉटडिश, आणि सगळ्यात खाली ते पाकीट. चिठ्ठीवर बर्फ धरलेला. तारीख, आणि आर्डिसचं अक्षर: लाटणी, डोरेन. अक्षरसुद्धा कोंबडीनं पाय ओढल्यासारखं होतं. तेही मी तीन वर्षांत पाहिलं नव्हतं, माझं नाव वाचण्यात दंग होते ना! मिस डेलगाडोंनी पडद्यावर ते पाहिलं आणि खुर्चीतून उठून नाचल्या. म्हणाल्या, "फेकू नका! वितळू देऊ नका! आणि कृपा करून खाऊ नका!"

मी म्हटलं, "बाई, त्या तेव्हाही खाण्यासारख्या नव्हत्या."

सुनावणी फेब्रुवारीत झाली. न्यायाधीश बाई तिकडे वॉशिंग्टनमध्ये, सरकारी वकील दुसऱ्या पडद्यावर, मिस डेलगाडो तिसऱ्यावर, आणि आम्ही काउंटीच्या वाचनालयातल्या मागच्या खोलीत. माझी साक्ष आधी. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी त्या दिवशी केलं. शपथेवर सांगितलं, की मी किती वाईट लाटते, लोक काय म्हणाले, मी पाकीट का जपून ठेवलं. सरकारी वकील सभ्य माणूस होता, उगाच वाईट बोलणार नाही. त्यालाही हसू आवरेना. साक्ष झाल्यावर मला मागे बसायची परवानगी मिळाली. शेजारी ऑर्व्हिल, टोपी मांडीवर.

मग आर्डिस. निळा ड्रेस, केसांना ऑर्व्हिलनं लावलेल्या पिना, थोड्या तिरक्या. न्यायाधीश बाईंनी विचारलं, "मिसेस क्वाम, आज कशा आहात?"

मिस डेलगाडोंनी डोळे मिटले. मीही.

"ठीकच म्हण..." आर्डिस म्हणाली, आणि तिथेच थांबली. पुढचं गिळलं.

सरकारी वकिलानं प्रश्न विचारले. बस का सोडली, डिसेंबरात डॉक्टरांना का नाही सांगितलं. ती उत्तरं देत होती, पण सगळी अर्धी अर्धी. मग त्यानं ती चिठ्ठी पडद्यावर लावली.

"मिसेस क्वाम, तुम्ही त्या दिवशी लाटणं मैत्रिणीला दिलंत हे खरं. पण ते तिला शिकवण्यासाठी दिलं असेल, असं नाही का? तुम्ही तसंच म्हणालात. दुखण्याचा शब्दही काढला नाहीत. त्या दिवशी जे म्हणालात, ते खरं होतं ना?"

झालं. मला कळलं, तो दरवाजा कुठे उघडतो. 'हो' म्हटलं तर दावा गेला. 'नाही' म्हटलं तर सांगावं लागणार, की मैत्रिणीच्या तोंडावर खोटं बोलले, आणि तेही मैत्रिणीच्या देखत, वॉशिंग्टनच्या देखत. आर्डिसनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती आता पुन्हा गिळणार, हे मला तिच्या मानेवरून दिसलं. माझा संयम सुटला.

"अगं, सांग की!"

"मागच्या बाई," न्यायाधीश म्हणाल्या, "तुम्ही बोलायचं नाही."

मी तोंड मिटलं. आर्डिस पडद्याकडे वळली. तिनं उजवा हात डाव्या हातानं उचलून टेबलावर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा.

"ते खोटं होतं," ती म्हणाली. "डोरेन तेव्हा अठ्ठावीस वर्षं शिकत होती. तिला लाटता येत नाही. आमच्या अकरा जणींत सगळ्यात वाईट तीच लाटते."

न्यायाधीश बाई पुढे झुकल्या. "मग तिलाच का दिलंत?"

"कारण ती इतकी खूश होईल, की माझ्या हाताकडे बघणार नाही, हे मला ठाऊक होतं. बाकीच्यांनी विचारलं असतं, काय झालं. आणि विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं."

आणि मग, नॉर्डबीत कुणी कधी ऐकलं नसेल असं, आर्डिस क्वाम बोलायला लागली.

"गुरुवारी घरी जाताना चावी फिरवली, तेव्हा पहिली कळ आली. शुक्रवारी स्वेटर अंगातून निघेना, म्हणून तोच घालून झोपले. शनिवारी सकाळी केसांत पिन खोचता आली नाही. पिठाचा डबा वरच्या फळीवर. ऑर्व्हिलला म्हटलं, मला डबा सापडत नाहीये. तिथेच होता. चर्चमध्ये दोन लेफ्से लाटल्या आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. माझ्या आजीचं लाटणं माझ्या हातातून पडेल अशी मला भीती वाटली." तिनं थेट सरकारी वकिलाकडे पाहिलं. "आकडा हवा असेल तर सांगते. सात."

"सात!" ऑर्व्हिल ताडकन उभा राहिला. टोपी खाली पडली. ज्या माणसानं स्वतःच्या तुटल्या बोटांना साडेतीन दिले, तो उभा राहून तीन बोटांचा पंजा छातीवर दाबत होता. "सात, आर्डिस? आणि मी तुझ्याकडून हिवाळाभर बर्फ उपसून घेतला?"

न्यायाधीश बाईंनी त्याला गप्प केलं नाही. त्या चष्मा पुसत होत्या.

सरकारी वकिलानं वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "मला आणखी प्रश्न नाहीत."

बाहेर पार्किंगमध्ये आर्डिस माझ्याशेजारी उभी राहिली. दोघी एकमेकींच्या गाड्यांकडे बघत. मग म्हणाली, "सगळ्यात वाईट नाही. लव्हॉन तुझ्यापेक्षा वाईट आहे."

"शपथेवर सांगितलंस, आता काय!" मी म्हटलं. आणि तुम्हाला सांगते, माझी मान त्या दिवशी जेवढी ताठ होती, तेवढी लाटणं मिळालं त्या दिवशीही नव्हती. माझी मैत्रीण सगळ्या वॉशिंग्टनसमोर खरं बोलली होती, आणि त्यासाठी तिला आधी मला पाडावं लागलं होतं. पाडू दे की! मला लागायचं नाही, मी चांगली गुबगुबीत आहे.

निकाल जूनमध्ये आला. पैसे मिळाले. किती ते मला ठाऊक नाही, आमच्याकडे असलं विचारत नाहीत. शस्त्रक्रियेची बिलं भागली, आठवड्यातून दोनदा कामाला बाई येते, आणि बर्फ उपसायला ऑर्व्हिलनं यंत्र घेतलं, एवढं दिसतं. पण आर्डिसनं मला बोलावून दाखवलं ते दुसरंच. सोळा पानांच्या निकालात एक ओळ होती. 'तक्रार काही नाही' ही नोंद या बाईंच्या स्वभावाची आहे, खांद्याची नाही. मिसेस क्वाम यांच्या शब्दावर मी विश्वास ठेवते.

तिनं ते पान पाककृतींच्या डब्यात ठेवलंय. लेफ्सेच्या कृतीच्या कार्डामागे.

ऑक्टोबरात पुन्हा तो शनिवार आला. मधली वर्षं आम्ही पाळीपाळीनं दुकानच्या लाटण्यांनी भागवलं होतं; यंदा आर्डिस पिठाची पिशवी घेऊन आली. आम्ही सगळ्या आपापल्या जागी, मी तव्यावर, काठी हातात. तिनं गोळा घेतला, लाटणं फिरवलं. एक लेफ्से झाली. वर्तमानपत्राच्या कागदासारखी पातळ, काय सुरेख! दुसरी अर्धी झाली आणि ती थांबली.

ओटा सोडून माझ्याकडे आली. लाटणं पुढे केलं. डाव्या हातानं.

"दुखतोय गं," ती म्हणाली. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तू घे."

लव्हॉनच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. ना वकील, ना न्यायाधीश, ना शपथ. तिला कुणी विचारलंही नव्हतं. मग कुणीतरी खुर्ची आणली, आणि आर्डिस तिच्यावर चक्क बसली. त्या स्वयंपाकघरात तिला बसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

"मी शिकायला हवं म्हणून का?" मी विचारलं.

"तुझं शिकणं आता काही होत नाही. दुखतोय म्हणून."

मी लाटायला घेतलं. पहिलीच मधोमध फाटली. आर्डिसनं वाकून बघितली. "वेगळी आहे हं."

मी मान खाली घातली आणि दुसरा गोळा ओढला. पण समोरचं धड दिसेना, आणि दोन्ही हात पिठात.

"डोळ्यांना काय झालं गं?" आर्डिसनं विचारलं.

"काही नाही. पीठ गेलं."

"खोटं," ती म्हणाली, आणि डाव्या हातानं माझ्यापुढे रुमाल धरला.